फेब्रुवारीतलं मालवण : तिथी पाहून आखलेले पाच दिवस

फेब्रुवारीच्या उत्तरार्धात पुण्या-नाशकात पहाटे अजून स्वेटर लागतो, आणि मालवणात मुलं सकाळी नऊला पाण्यात उतरलेली असतात. सिंधुदुर्गात या दिवसांत दुपारचं तापमान ३१ ते ३३ अंश, रात्रीचं १८ ते २० अंश. अंगावर घ्यायला चादर पुरते. समुद्राचं पाणी कोमट, सकाळी वारा पडलेला. मार्चच्या मध्यापासून दमटपणा वाढतो, आणि मे महिन्यात खोल्यांचे दर दुपटीला जाऊन भिडतात. त्यामुळे घरात दहावी-बारावीचं कोणी नसेल, तर स्वस्तात ऊबदार सुट्टीसाठी १५ फेब्रुवारी ते ५ मार्च हा तुकडा सर्वांत चांगला.

इथे पैसे घासाघीस करून वाचत नाहीत. तारखा नीट निवडून आणि एकाच ठिकाणी मुक्काम ठोकून वाचतात. चार दिवसांत तीन गावं बदलणारी कुटुंबं गाडीभाड्यातच मेटाकुटीला येतात.

तारखा ठरवताना

आधी आंगणेवाडीची जत्रा पाहा. मसुऱ्याजवळच्या भराडी देवीच्या या जत्रेला ठरलेली तिथी नाही. देवीचा कौल घेऊन गावकरी तारीख जाहीर करतात. २०२३ साली ती ४ फेब्रुवारीला होती, २०२४ साली २ मार्चला, २०२५ साली २२ फेब्रुवारीला. दीड दिवसाच्या जत्रेला लाखोंनी माणसं येतात. तिच्या मागचे-पुढचे तीन दिवस कोकण रेल्वेचं आरक्षण मिळत नाही, मालवणात खोली मिळत नाही आणि रस्ताही मिळत नाही. तारीख जाहीर झाल्याशिवाय खोलीचे पूर्ण पैसे भरू नका. १९ फेब्रुवारी शुक्रवारी किंवा सोमवारी आला, तर तो आठवडाही सोडा. महाशिवरात्रीला कुणकेश्वरची यात्रा असते. ती देवगडच्या बाजूला असल्याने मालवणात तिचा जाच कमी, पण गाड्या तेव्हाही भरतात.

मग वार. रविवारी रात्री निघायचं, शनिवारी पहाटे परतायचं. शनिवार-रविवारची गर्दी रविवारी दुपारी गाव सोडते, त्यामुळे सोमवारी सकाळी खोली रिकामी असते आणि दरही खाली आलेला असतो. सोमवार ते गुरुवार या चार रात्रींसाठी मालवणलगतच्या देवबाग-तारकर्लीच्या घरगुती न्याहारी निवासात बिगर-वातानुकूलित खोली साधारण १,५०० ते २,००० रुपयांत मिळते. तीच खोली शनिवारी अडीच हजारांच्या खाली सहसा कुणी देत नाही.

शेवटी तिथी. हे सहसा कुणी बघत नाही, आणि किनाऱ्यावरची निम्मी सहल याच्यावरच अवलंबून असते. किनारपट्टीवरचा जुना हिशोब असा : तिथीला तीनने गुणा, चारने भागा, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थीला चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन वाजता भरती. त्याच्या सव्वासहा तास आधी-नंतर ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येनंतर मोजणी पुन्हा एकपासून. हा हिशोब मुंबईच्या किनाऱ्याला बसतो. मालवणात भरती तास-पाऊण तास आधी येते, तेवढं वजा करायचं. रोज वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते.

पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं. पाणी खूप चढतं, खूप उतरतं, प्रवाह जोरात आणि वाळू ढवळलेली. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, म्हणजे चढउतार कमी, पाणी शांत आणि नितळ. पाण्याखाली बघायला अष्टमी चांगली. वाळूचे पट्टे आणि खडक उघडे पडायला उधाण चांगलं, पण तेव्हा मालवणात ओहोटी पहाटे पाचला आणि संध्याकाळी पाचला येते. दोन्हीचा मेळ बसतो चतुर्थी ते सप्तमीत. मंगळवारी चतुर्थी येईल असा आठवडा निवडला, तर मंगळवारी ओहोटी आठच्या सुमारास, बुधवारी पावणेनऊला, गुरुवारी साडेनऊ-पावणेदहाला. वद्य चतुर्थी मंगळवारी आली तर ती अंगारकी. त्या दिवशी यजमानांच्या स्वयंपाकघरात मासे शिजतीलच असं नाही, एवढं धरून चाला. असा आठवडा त्या वर्षी नसेल तर दिवसांचा क्रम फिरवा, पण फोनवरचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघितल्याशिवाय होडीवाल्याला आगाऊ रक्कम देऊ नका.

तिकीट, खोली, हिशोब

रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाची तारीख सोडून ६० दिवसांवर आलं आहे. म्हणजे फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यासाठी डिसेंबरचा शेवटचा आठवडा, सकाळी आठ वाजता. खिडकी उघडल्यावरचा सुरुवातीचा वेळ आधार जोडलेल्या खात्यांसाठीच राखीव असतो, तेव्हा आधार जोडणी आदल्या आठवड्यातच उरका. परतीचं तिकीट पाच दिवसांनी उघडतं. ते विसरून एकतर्फी तिकीट हातात घेऊन बसलेली बरीच मंडळी दिसतात.

मुंबईहून कोकणकन्या सोयीची. सीएसएमटीहून रात्री ११.०५ ला सुटते, आठच्या सुमारास कुडाळ; मालवणसाठी तिथेच उतरायचं. तिच्यात जागा नसेल तर दादरहून ००.०५ ची तुतारी, ती दहाच्या आसपास कुडाळला पोचते. इथे तारखेचा सापळा आहे : रविवारी रात्री घरातून निघायचं असेल तर तुतारीचं तिकीट सोमवारच्या तारखेचं काढायचं. पनवेलला कोकणकन्येत चढणाऱ्यांचाही हाच घोळ होतो, फक्त उलट्या बाजूने. गाडी रविवारची, पण पनवेलला येते ती मध्यरात्र उलटल्यावर, म्हणजे सोमवारी. तिकिटावर चढण्याच्या स्थानकासमोर छापलेली तारीख-वेळ वाचा, गाडी सुटण्याची नव्हे.

पाच ते अकरा वर्षांच्या मुलाचं वेगळा बर्थ न घेता अर्धं तिकीट, बर्थ घेतला की पूर्ण. आठ आणि अकरा वर्षांची दोन मुलं असतील, तर मोठ्याला बर्थ घ्या आणि धाकट्याला अर्ध्या तिकिटावर खालच्या बर्थवर आईजवळ झोपवा. दोघांचीही अर्धी तिकिटं काढून वाचवलेले दोनशे रुपये रात्रभर महागात पडतात. शयनयानाचं तिकीट माणशी साडेतीनशे-चारशेच्या घरात, वातानुकूलित थ्री टियर त्याच्या अडीचपट. फेब्रुवारीत शयनयान पुरतं, फक्त पहाटे खिडकी लावून घ्या.

पुणेकरांनी पनवेल गाठावं किंवा कोल्हापूरमार्गे रात्रीची बस धरावी. कोल्हापूरकरांना गगनबावड्याचा करूळ घाट, बेळगाव-आजऱ्याकडच्यांना आंबोली घाट. लहान मुलांना घाटाआधी पोटभर खायला घालू नका. चिपीचं विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झालं, पण तिथली उड्डाणं सलग टिकत नाहीत. त्यावर कुटुंबाची सहल बेतू नये.

खोली ठरवताना फोनवर चार गोष्टी विचारा. सकाळी नऊला खोली मिळेल का (नेहमीची वेळ बाराची असते), जादा गादीचे किती, जेवण घरचं का आणि थाळीचा दर काय, आणि पिण्याचं पाणी कुठलं. समुद्रालगतच्या विहिरींना मचूळपणा असतो. मुलांना जारचं किंवा गाळलेलं पाणीच हवं. ‘समुद्राला लागून’ म्हणजे नेमकं किती हेही विचारा. देवबागला एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मध्ये चिंचोळी पट्टी. तिथे कुठेही राहिलात तरी पाणी पाच मिनिटांवर असतं, त्यामुळे पहिल्या रांगेसाठी पाचशे रुपये जादा मोजण्यात अर्थ नाही.

दोन मोठे, दोन मुलं धरून खर्च असा बसतो. रेल्वे जाऊन-येऊन २,६००. खोली चार रात्री १,८०० ने ७,२०० आणि जादा गादीचे १,२००. जेवणखाण दिवसाला १,८०० ने पाच दिवस ९,०००. सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी ४००, देवबागची होडी २,०००, तिघांचं स्कूबा ३,०००. कुडाळहून येण्याची रिक्षा आणि गावातली ये-जा २,०००, शेवटच्या दिवसाची गाडी ३,५००. बेरीज ३०,९००. स्कूबा वगळलं आणि शेवटच्या दिवशी गाडीऐवजी एसटी धरली तर २५,००० च्या आत बसतं. एसटीत महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७४ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं, आणि ७५ च्या पुढे प्रवास मोफत. आजी-आजोबा बरोबर असतील तर एसटीच्या पर्यायाचा आधी विचार करा. दर दरवर्षी थोडे हलतात, म्हणून या आकड्यांवर दहा टक्के हाताशी ठेवा.

सोमवार : कुडाळ, धामापूर, देवबाग

कुडाळ स्टेशन गावाबाहेर आहे आणि एसटी स्टँड गावात. गाडी आली की सगळे एकदम रिक्षांवर तुटून पडतात. दहा मिनिटं थांबून स्टेशनाबाहेर चहा घेतला की दर आपोआप खाली येतो. देवबागपर्यंतच्या रिक्षाला ९०० ते १,००० रुपये, वाटेत धामापूरला अर्धा तास थांबायचं हे आधीच ठरवून. एसटीने जायचं तर स्टँडवरून मालवणची गाडी, तिथून देवबागची. मालवण-देवबाग गाड्या कमी आहेत, आणि सामान-मुलांसकट दोनदा चढउतार होते.

धामापूरचा तलाव १५३० सालचा. मातीच्या बांधाने अडवलेलं पाणी पाचशे वर्षं शेताला पुरतंय, आणि २०२० साली त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळांच्या यादीत जागा मिळाली. बांधालगत भगवतीचं देऊळ आहे. पाणी खोल आहे, मुलांना पायऱ्यांच्या खाली सोडू नका.

बाकी सोमवार रिकामा ठेवा. रात्रभर गाडीत आलेल्या मुलांना पहिल्या दिवशी किल्ला दाखवायला नेलं की दुसरा दिवस चिडचिडीत जातो. सोमवारी बऱ्याच मालवणी घरांत मासे खात नाहीत, बाजारातही माल कमी असतो. शिळी सुरमई गळ्यात मारून घेण्यापेक्षा काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे सांगा. फेब्रुवारीत ओल्या काजूगराची उसळ मिळू लागते. सोलायला चिकट, हात भाजवणारं काम, म्हणून ती नेहमीच्या थाळीत नसते आणि आदल्या दिवशी सांगावी लागते. थाळीपेक्षा शंभर-दीडशे जास्त पडतात, ते द्यावेत.

संध्याकाळी साडेचारनंतर समुद्र. तारकर्लीचा किनारा पांढरा, सपाट आणि फसवा आहे : कमरेएवढ्या पाण्यातून दोन पावलांत छातीएवढं होतं. शेजारच्या वायरीच्या किनाऱ्यावर एप्रिल २०१७ मध्ये बेळगावहून आलेल्या महाविद्यालयीन सहलीतले आठ जण बुडाले. मुलांसाठी मर्यादा गुडघा, मोठ्यांसाठी कंबर, आणि ओहोटी लागलेली असेल तर तीही कमी.

मंगळवार : मोरयाचा धोंडा, पद्मगड, सिंधुदुर्ग

सकाळी सातला निघा. रिक्षाने दांडीच्या किनाऱ्यावर. तिथला मोरयाचा धोंडा म्हणजे खडकावर कोरलेला गणपती, सूर्य, चंद्र. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पायाभरणीची पूजा शिवाजी महाराजांनी इथे केली असं सांगतात. चतुर्थीची ओहोटी आठला असल्याने साडेसातच्या सुमारास समोरच्या पद्मगड या छोट्या किल्ल्याकडची वाळूची पुळण दिसू लागते. पाणी चांगलं उतरलं असेल तर पोटरीभर पाण्यातून पलीकडे जाता येतं. नियम एकच : ओहोटीच्या वेळेच्या आधी जायचं आणि ओहोटी लागलेली असतानाच परत फिरायचं. आठची ओहोटी तर साडेआठला तुम्ही दांडीच्या बाजूला हवेत. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना विचारल्याशिवाय पाय टाकू नका, आणि अनवाणी तर नाहीच. खडकांवर कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या कडा पातीसारख्या कापतात आणि जखम खाऱ्या पाण्यात आठवडाभर भरत नाही. मुलांना जुने कॅनव्हासचे बूट, सपाता नकोत. पाणी उतरलेलं नसेल तर हा भाग सोडून द्या.

नशीब असेल तर सकाळी किनाऱ्यावर रापण ओढताना दिसते. होडीने समुद्रात अर्धवर्तुळ करून जाळं सोडलेलं असतं, दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर. दोन्हीकडे पंधरा-वीस माणसं दोर खांद्यावर घेऊन उलट्या पावलांनी वाळूवर मागे सरकतात. मागचा माणूस टोकाला पोचला की दोर सोडून पुन्हा पाण्याजवळ येऊन पुढे लागतो. दोन्ही टोळ्या हळूहळू एकमेकांकडे सरकत येतात, जाळ्याचं पोट उथळ पाण्यात येतं आणि पाणी चंदेरी होऊन उसळायला लागतं. पेडवे, बांगडे, मध्येच एखादी म्हाकुल. मुलांनी हात लावला तर कुणी नको म्हणत नाही, पण दोराच्या आतल्या बाजूला उभं राहू देऊ नका. तिथेच वाटे पडतात, आणि शंभर रुपयांच्या पेडव्यांत चौघांचं दुपारचं भागतं; यजमान तळून देतात.

मालवण जेट्टीवरून सिंधुदुर्गाच्या होड्या सुटतात. माणशी शंभर रुपयांच्या आसपास, होडी भरली की निघते. नऊच्या आसपासची होडी पकडली तर तटावरचा फेरा ऊन चढायच्या आत होतो. होडीवाले किल्ल्यावर साधारण एक तास देतात आणि तो कमी पडतो. चढताना “दुसऱ्या होडीतसून येतलो” असं स्पष्ट सांगून ठेवलं की बहुतेक जण मान्य करतात.

बांधकाम २५ नोव्हेंबर १६६४ ला सुरू झालं, तीन वर्षांत पुरं झालं, देखरेख हिरोजी इंदुलकरांची. पायाचे दगड बसवायला शिसं ओतलं. महाद्वार समोरून दिसत नाही. तट वळवून ते आत लपवलं आहे, होडी अगदी जवळ आल्यावर उलगडतं. मुलांना हे आधी न सांगता, दरवाजा शोधायला लावा. आत महाराजांच्या हाता-पायाचे ठसे, राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वर मंदिर, आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरी. चारी बाजूंनी खारं पाणी असताना ४८ एकरांच्या खडकावर गोडं पाणी राहतं, कारण पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून मुरून खाऱ्या पाण्याच्या वर तरंगत साठतं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत हा एक आहे. वर सावली कमी. माणशी एक लिटर पाणी, टोपी, आणि शौचालयाची गरज जेट्टीवरच उरकून.

संध्याकाळी जेट्टीजवळ मासळीचा लिलाव बघा. बोली भराभर लागते, त्यात आपण पडायचं नाही. लिलाव संपल्यावर शेजारी बसलेल्या बायकांकडून किरकोळ घ्यायचं. हॉटेलात जेवणार असाल तर सुरमई-पापलेटचा त्या दिवशीचा दर आणि तुकड्याचा आकार आधी विचारा. बांगडा थाळी दोनशे-अडीचशे, सुरमई साडेतीनशेच्या पुढे. चौघांनी दोन बांगडा, एक सुरमई आणि एक जादा भात घेतला की पुरतं. मुलांच्या कालवणाचा तिखटपणा सोलकढीने उतरत नाही. आधीच कमी मसाल्याचं सांगा.

बुधवार : संगम आणि त्सुनामी बेट

बुधवारची होडी आदल्या संध्याकाळी ठरवायची. देवबागला नदीच्या बाजूने होड्या सुटतात. संगम, डॉल्फिन, त्सुनामी बेट अशी फेरी पूर्ण होडीला १,५०० ते २,५०० रुपये. होडीत आठ-दहा माणसं मावतात, तेव्हा त्याच निवासातलं दुसरं कुटुंब जोडीला घेतलं की निम्म्यात काम होतं. यजमानांना सांगितलं की ते जुळवून देतात.

निघण्याची वेळ सातची. समुद्राचा वारा अकराच्या सुमारास उठतो आणि मग संगमापलीकडे लाटा आपटतात. उलट्या होणारी मुलं बहुतेक वेळा अकराच्या होडीतली असतात. डॉल्फिन दिसतीलच याची हमी कुणी देऊ शकत नाही, ‘नक्की’ म्हणणाऱ्याला टाळा. इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबणारा होडीवाला चांगला. मागे लागला की डॉल्फिन बुडी मारून लांब निघून जातात.

साडेआठला परत नदीमुखाशी. कर्लीच्या तोंडावरचा हा वाळूचा पट्टा २००४ च्या त्सुनामीनंतर वर आला असं सांगतात, म्हणून ते नाव. भरतीला त्यावर गुडघाभर-मांडीभर पाणी, ओहोटीला कोरडी वाळू. पंचमीला पावणेनऊची ओहोटी असल्याने साडेआठ ते दहा हा वेळ मुलांचा : एका बाजूला उथळ, कोमट, जवळजवळ न हलणारं पाणी. दहानंतर भरती नदीत शिरू लागते, आणि पट्ट्याच्या कडेची वाळू पायाखालून सरकते. तेव्हा मुलं मधोमध.

पट्ट्यावर बनाना राइड, जेटस्की, बंपर वगैरेंचे दलाल असतात. पाच खेळांचं ‘पॅकेज’ ८००-१,००० रुपयांना म्हणतात. त्यातले तीन खेळ दोन-दोन मिनिटांत संपतात. मुलांना एक बनाना राइड पुरते. चहा-भजी दुप्पट दराने मिळतात, घरून केळी आणि पाणी न्या. रोख शंभरच्या नोटांत ठेवा, नदीमुखाशी फोनला रेंज येते-जाते.

लाइफजॅकेट कसं घालायचं हे कुणी सांगत नाही. मोठ्यांचं जॅकेट मुलाला घातलं की पाण्यात ते वर सरकतं, डोकं आत जातं आणि तोंड पाण्याखाली. मुलाच्या मापाचं मागा, पट्टे आवळा, मग खांद्यांजवळ धरून वर उचलून बघा. हनुवटीच्या वर आलं तर ते जॅकेट चालणार नाही. मांड्यांमधून घ्यायचा पट्टा असेल तर तो लावाच. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी होडी उलटून दोघांचा जीव गेला. किनारा समोर दिसतोय म्हणून जॅकेट काढून ठेवण्याची सवय इथे फार आहे.

दुपार झोपेची. संध्याकाळी नदीच्या काठाने चालत जा. समुद्राच्या बाजूपेक्षा हीच बाजू सुंदर आहे आणि तिथे कुणी फिरकत नाही. मच्छर मात्र सहाला येतात.

गुरुवार : पाण्याखाली, आणि बाकी काही नाही

षष्ठी-सप्तमीला प्रवाह मंदावलेला असतो, म्हणून स्कूबा आजच. सकाळी आठची पहिली तुकडी घ्या. दहानंतर त्याच खडकांवर पंधरा होड्या उभ्या राहतात आणि पायांनी उडालेल्या वाळूत मासे दिसत नाहीत.

प्रशिक्षण न घेतलेल्यांसाठीचं स्कूबा म्हणजे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या किंवा चिवल्याच्या किनाऱ्याच्या आसपास पंधरा-वीस फूट पाण्यात, प्रशिक्षकाने मागून टाकी धरलेली. पोहता यायची गरज नाही. तोंडात नळी, श्वास फक्त तोंडाने. नाक मुखवट्यात बंद. फसतं ते दोन ठिकाणी. सवयीने नाकाने श्वास सोडला की मुखवट्यावर धुकं धरतं आणि माणूस घाबरून वर यायला बघतो. त्यासाठी आदल्या दिवशी खोलीत नाक चिमटीत धरून पाच मिनिटं तोंडाने श्वास घेण्याचा सराव करा. दुसरं कानांचं. साधारण दोन मीटर खाली गेल्यावर कानांत दडा बसतो. नाक दाबून हलकेच फुंकर मारली की मोकळा होतो. दुखायला लागायच्या आधीच मारायची, दुखल्यावर ती बसत नाही. सर्दी असलेल्याला हे जमत नाही, जबरदस्ती केली तर पडद्याला इजा होते. म्हणून सर्दी, दमा, हृदयविकार, अलीकडची शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण असेल तर सरळ नाही म्हणा. दहा वर्षांखालच्या मुलांना नेऊ नका, कुणी ‘चलता है’ म्हटलं तरी. धाकट्याला होडीत एका मोठ्याजवळ ठेवा, किंवा उथळ पाण्यात मुखवटा लावून वरूनच मासे दाखवा.

रस्त्यावरच्या फलकांवर ४००-५०० रुपये दिसतात. त्यात प्रत्यक्ष पाण्याखालचा वेळ पाच-सहा मिनिटं, फोटो-चित्रफितीचे पैसे वेगळे, आणि एका प्रशिक्षकामागे रांग. ९०० ते १,२०० मध्ये दहा-बारा मिनिटं आणि चित्रफीत धरून मिळते. पैसे देण्यापूर्वी विचारा : पाण्याखाली किती मिनिटं, एका वेळी प्रशिक्षकामागे किती जण, चित्रफीत आज हातात मिळणार का. न्याहारी हलकी, निघायच्या दीड तास आधी. घावन-चटणी चालते, मिसळ नको.

दुपारनंतर काहीही ठरवू नका. देवगडची, विजयदुर्गाची घाई इथेच सुरू होते आणि दोन-तीन तास गाडीत जातात. त्या बाजूची वेगळी सहल होते. आंब्यांचाही मोह टाळा : फेब्रुवारीच्या शेवटी देवगड हापूसची पहिली फळं बाजारात असतात, पण डझनाचा भाव डोळे फिरवणारा आणि चव एप्रिलच्या फळाची नाही. घ्यायचंच तर कोकम, आगळ (कोकमाचा घट्ट रस), काजूगर, मालवणी खाजं.

शुक्रवार : वेंगुर्ले, सावंतवाडी, परत

या दिवसाची युक्ती एकच : कुडाळला मागे फिरायचं नाही. सकाळी नऊला सामानासकट गाडी भरायची, नेरूरपार, परुळे, वेंगुर्ले, सावंतवाडी करत संध्याकाळी सावंतवाडी रोड स्टेशनवर सोडायला सांगायचं. ३,००० ते ३,५०० रुपये. तिकीट काढतानाच चढण्याचं ठिकाण सावंतवाडी रोड ठेवा.

वेंगुर्ल्याला देवबागहून पन्नासेक किलोमीटर. बंदर आणि दीपगृहाची टेकडी तासाभरात होते. पुढे सागरेश्वरचा किनारा रुंद आणि मोकळा. वायंगणीला या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी जपलेली असतात, पण पिल्लं बाहेर येण्याची वेळ पहाटेची किंवा संध्याकाळची आणि दिवस अंदाजाचा. दुपारी जाऊन काही दिसत नाही. तिथे फोन करूनच जावं, नाहीतर सोडावं.

सावंतवाडी अठ्ठावीस किलोमीटर पुढे. दुपारचं जेवण तिथेच, मग मोती तलावाकाठचा राजवाडा, जिथे गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते रंगवण्याचं काम बघायला मिळतं. संध्याकाळी चितारआळी. लाकडी फळं, भातुकली, भोवरे पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचे. विकत घेताना फळ हातात धरून वजन बघा आणि रंगावर ओलं बोट फिरवा. पाण्याने रंग उतरला तर ते दुकान बदला, विशेषतः घरी तोंडात घालणारं लहान मूल असेल तर.

स्टेशन सावंतवाडी शहरात नाही, आठेक किलोमीटरवर मळगावात आहे, आणि तिथे रात्री खायला फारसं मिळत नाही. शहरातूनच जेवण बांधून घ्या आणि साडेसातला स्टेशन गाठा. कोकणकन्या आठ-सव्वाआठच्या सुमारास येते आणि थोडाच वेळ थांबते. आपला डबा कुठे लागेल ते आधी विचारून मुलं-सामान तिथेच उभं करा. आगळाची बाटली पिशवीत उभी, झाकणावर प्लॅस्टिक बांधून, बर्थखाली कोपऱ्यात. गाडीच्या हेलकाव्यात आडवी झाली की गळते आणि कोकमाचा डाग कपड्यातून निघत नाही. गाडी पहाटे पाचच्या आसपास ठाण्याला आणि सहाच्या आत सीएसएमटीला पोचते, तेव्हा गजर पनवेलच्या आधीचा लावा.